पाण्यातला क्रूस

आमच्या घरात देवाशी भांडायची मुभा होती, सौदा करायची नव्हती. हा नियम बाबांचा. सास्तूरच्या जुन्या घरात भूकंपाच्या वेळी त्यांचे आईवडील आणि धाकटी बहीण गेली, ते एकटे वाचले. लोक म्हणायचे, येशूनं वाचवलं तुला. बाबा भडकायचे. "मग माझ्या बहिणीला त्यानंच दाबलं म्हणा की!" तरी दर रविवारी प्रार्थनेला सगळ्यात आधी सतरंजी अंथरायला तेच.

आईचं तसं नव्हतं. तिचं माहेर अणदूरचं, खंडोबाच्या भक्तांचं. लग्नानंतर तिनं बाप्तिस्मा घेतला, मनापासून घेतला. पण देवाला अडवल्याशिवाय तो हलत नाही, ही तिची समजूत काही गेली नाही. घरात कुणी आजारी पडलं की तिची आई देव्हाऱ्यातले चांदीचे टाक पाण्यात बुडवून ठेवायची. माणूस उठून बसला की देव बाहेर. हे आई आम्हाला हसत सांगायची, म्हणून मीही हसण्यावारीच नेलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात बाबांना धाप लागायला लागली. सोलापूरच्या दवाखान्यात दाखल केलं. हृदय कमजोर झालंय, डॉक्टर म्हणाले. आई आणि मी आळीपाळीनं थांबायचो. एकदा आईची पाळी संपून ती घरी गेली होती, शेजारच्या खाटेवाल्यांना बाबांकडे बघायला सांगून मीही कपडे न्यायला घरी आले, तर भिंतीवरचा लाकडी क्रूस जागेवर नव्हता. स्वयंपाकघरात ओट्याखाली एक पातेलं झाकून ठेवलेलं. झाकण काढलं. क्रूस तळाशी, आणि त्याच्यावर वरवंटा.

आई मागं येऊन उभी होती. "लाकूड तरंगत व्हतं," ती म्हणाली.

मी तोंडाळ आहे. नको नको ते बोलले. हा काय टाक आहे का, येशूला तू वरवंट्यानं दाबतेस का, बाबांना कळलं तर काय म्हणतील.

"ते घरी आल्याबगर काढायचा न्हाय," आई शांतपणे म्हणाली. "जीव कसा गुदमरतो, त्याला बी कळू दे."

मी एवढी तावातावानं बोलले, पण पाण्यात हात काही घातला नाही. काढला आणि बाबांना काही झालं तर? झाकण परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं, छातीत पाणी झालंय. आईचा चेहरा पांढराफटक पडला. माझं मनगट धरून ती म्हणाली, "म्या त्याला पाण्यात घातला, त्यानं ह्यांच्यात पाणी घातलं." मिळेल त्या गाडीनं ती गावी गेली, क्रूस काढून पुसला, त्याला खोबरेल लावलं. लाकूड फुगून मधोमध तडकलं होतं. त्या दिवसापासून तिचं जेवण सुटलं. बाबांची धाप वाढतच गेली. मला सुद्धा प्रार्थना करताना धाकधूक व्हायची. दाबलं की ऐकणारा आणि डिवचलं की डसणारा असा एक देव आम्ही मायलेकींनी घरात आणून बसवला होता.

शेवटी आईनं बाबांपुढं सगळं कबूल केलं. त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. हसायला गेले, तर खोकल्याची उबळ आली.

"येडी का खुळी तू! त्यानं सूड घ्यायचा असता तर मला कवाच उचलला असता. भूकंपानंतर म्या त्याला लई शिव्या दिल्यात."

"मग पाणी कुणी घातलं?"

"हृदय थकलंय माझं. त्यो कुणाच्या छातीत पाणी वतत न्हाय. त्यो हितं माझ्यापशी बसलाय."

"नुसता बसून काय करतोय? उठवा म्हणावं तुम्हाला."

बाबांनी तिचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले.

दोन दिवसांनी ते गेले. माती झाली, भेटायला येणारी माणसं कमी झाली. एका सकाळी आई भाकरी थापत होती. माझं तिच्याकडे लक्ष होतं, कारण परातीतलं पीठ संपलं तरी तिचे हात थांबले नव्हते. मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "आई, त्यानं सूड घेतला नाही. बाबांनी सांगितलं ना तुला?"

"व्हय, सांगितलं," ती म्हणाली. "सूड असता तर बरं झालं असतं गं. पाया पडून माफी मागितली असती. आता त्याला काय मागू?"