सुतकातलं पाणी

मैदानावर चुन्याची फक्की मारली की त्या वासानं आजही माझं डोकं सणकतं. आई गेली त्याच आठवड्यात वडवणीला आमच्या फुटबॉलची फायनल होती आणि गोलकीपर मी होते. माझा भाऊ तिसऱ्याच दिवशी उसाचा ट्रॅक्टर घेऊन कारखान्याला गेला, तेव्हा सुतक कुणाला आठवलं नाही. मला मात्र शेजारच्या काकीनं दारातच अडवलं. "आईची राख निवली न्हाई अजून, अन् तुला चड्डी घालून नाचायचंय?" आईनंच धुऊन ठेवलेली जर्सी मी छातीशी आवळली होती. रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. तेवढ्यात टीमच्या पोरी मला न्यायला अंगणात आल्या. सुतकाच्या घरचं पाणी कुणी पीत नाही, पण आमच्या कॅप्टननं थेट रांजणात तांब्या बुडवला, घटाघटा प्यायली आणि दुसरीच्या हातात दिला. सगळ्या प्यायल्या. मग कॅप्टन काकीला म्हणाली, "काकू, आता सुतक आमालाबी लागलं. अडवायचं तर समद्यांना अडवा, अन् आमच्या आयांना तुमीच सांगा." काकी शिव्या देत बाजूला झाली. फायनल आम्ही हरलो. सुतक केव्हाच फिटलं, पण काकीच्या घरचं पाणी मी अजूनही पीत नाही.