समुद्र न दिसणारी खोली

लग्न ठरलेली पोरगी डिपार्टमेंटमध्ये असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मी चेकिंगला. टेबलावर टॉवेल येत राहतात, सुटलेले धागे कापायचे, डाग बघायचे. हात चालतात आणि तोंडं त्याहून जास्त! गेल्या हिवाळ्यात आमच्या अश्विनीचं लग्न ठरलं, तेव्हाचं सांगते. त्या दोन महिन्यांत हसलो खूप, पण खरं सांगायचं तर घाबरलोही तितकेच.

*

अश्विनी मैंदर्गीची. स्थळ करमाळ्याचं. नागेश नाव, शाळेत लॅब असिस्टंट. शांत माणूस. त्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता, म्हणून लग्नानंतर चार दिवस अंदमानला जायचं त्यानं आधीच ठरवून टाकलं. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याचा मेसेज आला. चार हॉटेलांचे फोटो आणि खाली, ‘तुला आवडेल ते सांग.’

दुसरी कुणी असती तर नाचली असती. ही पांढरीफटक!

"ताई, ह्यातलं समुद्रापास्नं सगळ्यात लांब कुटलं हाय?"

मी म्हटलं, "अगं, लोक समुद्राजवळचं शोधतात की!"

तिनं डबा तसाच झाकून ठेवला. मग संध्याकाळी गेटकडे चालताना सांगितलं. ती आठ वर्षांची असताना तिची चुलत बहीण शेततळ्यात बुडाली. ही काठावर उभी राहून ओरडत होती. तेव्हापासून हिला साठलेलं पाणी बघवत नाही. टाकी साफ करायची म्हटली तरी ही घराबाहेर पळते.

"नागेशना सांगितलंस?"

"पयल्याच गोष्टीला न्हाय म्हणालं तर काय म्हणतील ते?"

*

आमच्या टेबलाच्या मुख्य म्हणजे लक्ष्मी अक्का. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी आणि रागावल्या की दोन्ही. त्यांना लपवाछपवी जमत नाही. म्हणाल्या, "हॉटेलवाल्यालाच विचारू की! त्यात काय!"

पहिल्या हॉटेलला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "भैया, समंदर का पानी रूम तक आता क्या?"

पलीकडचा माणूस खूश झाला. त्याला वाटलं, गिऱ्हाईक शौकीन आहे!

"हां मॅडम! हाय टाइड में तो बिल्कुल आपकी सीढ़ी तक आता है! सोते-सोते लहर सुनाई देगी!"

अश्विनीनं झडप घालून फोन बंद केला. कुणाचा फोन, कसला फोन, काही बघितलं नाही.

अक्का म्हणाल्या, "अम्मो! माझा फोन फोडशील!"

पण नंतर अश्विनीचं कामात लक्ष लागेना. तीन चांगले टॉवेल तिनं खराब मालात टाकले. अक्कांनी ते गुपचूप काढून परत चांगल्यात ठेवले.

*

डिस्पॅचचे रफिकचाचा कुणाचंही काम अंगावर घेतात. म्हणाले, "देखो बेटा, फोटो पे जाने का नै. लोगां क्या लिखते, वो देखने का. उसमें बी पाच स्टारवाले झूट बोलते. एक स्टारवालेच सच्चे!"

चाचांना इंग्रजी येत नाही. त्यांचा फोन मजकुराचं हिंदी करून मोठ्यानं वाचून दाखवतो. दुसऱ्या हॉटेलचा एक स्टारवाला अभिप्राय त्यांनी दाबला. फोनमधली बाई सपाट आवाजात बोलली, "कमरे में पानी आ गया. सामान भीग गया."

अश्विनीनं टॉवेल टाकला आणि डोकं टेबलावर टेकलं.

मी पुढचं वाचलं. एसी गळत होता! सांगितलं, पण तिला ऐकूच जात नव्हतं. चाचा घाबरले. घाईघाईनं म्हणाले, "ये छोड, दुसरा सुन, ये शांत जगा है!" आणि पुढचं दाबलं.

"बहुत सन्नाटा है. बुलाने पर भी कोई नहीं आता."

अश्विनीनं वर बघितलं. "बुडताना बोलावलं तरी?"

चाचांनी फोन खिशात घातला. नंतर ते चार-पाच दिवस आमच्या टेबलाकडे फिरकले नाहीत.

*

लग्नाच्या खरेदीला अश्विनीची आई मैंदर्गीहून आली. ही तिला अव्वा म्हणते. नवी पेठेतून साड्या घेऊन अव्वा कारखान्याच्या गेटवर आली, तेव्हा आमची सुट्टी होत होती. अक्कांनी हौसेनं तिला तिसऱ्या हॉटेलचा फोटो दाखवला. पलंगावर टॉवेलचे दोन हंस केलेले, चोचीला चोच लावून.

अव्वानं फोन डोळ्यांजवळ नेला. "अय्यो, ही बदकं मेली का काय गादीवर?"

आम्ही पोट धरून हसलो. अव्वा हसली नाही. ती एकेक फोटो सरकवत होती. खोलीचा, दाराचा, बाथरूमचा. समुद्राच्या फोटोवर क्षणभर थांबली आणि पटकन पुढं गेली.

"दाराला आतनं कडी हाय नव्हं?"

मी म्हटलं, "आहे की."

"फोन लागतो तितं?"

"लागतो."

मग तिनं अश्विनीकडं पाठ केली आणि मला हळूच विचारलं, "बाई, पोरगा दोनदाच बघितलाय आमी. माणसं बरी वाटत्यात. पण समजा, हिला एकटीला माघारी यायचं झालं, तर तितनं यष्टी कवा असती?"

काय सांगणार! बेटावरून यष्टी!

मी म्हटलं, "असती, अव्वा. दर तासाला."

आयुष्यात एवढं खोटं मी दुसऱ्यांदा बोलले नसेन. अव्वाचा चेहरा मात्र खुलला. साड्यांची पिशवी उचलून ती रिक्षाकडे गेली.

*

शेवटी अश्विनीनं स्वतःच पाचवं हॉटेल शोधलं. बेटावरच्या गावात, भर बाजारात, तिसरा मजला. खिडकीतून समोरचं भाजीमार्केट दिसतं. इतका आनंद झाला तिला! फोटो नागेशला पाठवला.

उत्तर आलं, ‘इथून समुद्र कुठं दिसतो?’

तिनं लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. अक्कांनी तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि सरळ नागेशला लावला. "जावईबापू, उद्या कारखान्यावर या. ही बोलणार आहे!"

दुसऱ्या दिवशी तो आला. गेटबाहेर लिंबाखाली दोघं उभी. आम्ही आतून बघत होतो. अश्विनी बोलली, मान खाली घालून, बराच वेळ. त्यानं ऐकलं. काहीतरी बोलला, गाडीला किक मारली आणि गेला.

"काय म्हणाला?"

"‘बघतो’ म्हणाले."

एक दिवस फोन नाही. दुसरा दिवस फोन नाही. अश्विनी जेवेना. अक्का स्वतःला शिव्या देत होत्या, "मीच आगाऊ! मोडलं पोरीचं!" रफिकचाचाही येऊन बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला. ‘बाजारातली खोली घेतली. तिथल्या रिक्षावाल्याचा नंबर मिळवून विचारून घेतलं. समुद्र चालत वीस मिनिटं आहे. चालेल का?’

अक्का रडायला लागल्या आणि रडत-रडत म्हणाल्या, "भाजीमार्केट बघायला बायकोला विमानातून नेणारा पहिलाच!"

*

लग्न होऊन अंदमानहून परत आल्यावर अश्विनीनं जे सांगितलं, ते तिच्याच तोंडून ऐकायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नागेश एकटाच किनाऱ्यावर निघाला. ही म्हणाली, मी पण येते, पण बघणार नाही. नारळपाण्याच्या गाडीमागे, समुद्राकडे पाठ करून बसली. आवाज येत होता, तर कानाला पदर लावला.

तेवढ्यात लोक ओरडले. हिनं वळून बघितलं. गुडघाभर पाण्यातच थांबतो म्हणालेला नागेश दिसेना!

"मग काय केलंस?"

"काय केलं ते मला बी आठवत न्हाय, ताई."

चपला गाडीपाशी, पर्स वाळूत. कमरेएवढ्या पाण्यात पोहोचल्यावर हाताला कॉलर लागली. ती तिनं दोन्ही हातांनी वर ओढली. नागेश खोकत, नाकातोंडातून पाणी काढत उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, चष्मा! लाटेनं चष्मा गेला, तो शोधत होतो!"

काठावरची माणसं हसायला लागली. तेव्हा अश्विनीनं खाली बघितलं. चारी बाजूंनी पाणी.

अक्कांनी टॉवेल बाजूला ठेवला. "म्हणजे भीती गेली की गं तुझी!"

"कसली जाती! पायच उचलंना. तितंच रडत हुबी राहिले."

"आणि तो?"

"त्यांना चष्म्याबिगर काठ कुटं हाय तेच दिसंना."

"मग बाहेर आलात कसे?"

अश्विनीनं पुढचा टॉवेल ओढला, धागा कापला. कान लाल झाले होते.

"त्यांनी मला उचललं. आन मी सांगत गेले, डावीकडं, सरळ, थोडं उजवीकडं."