नकाराचा रकाना

मत विचारायला आलेल्या माणसाचा मला राग येत नाही. आधी सगळं ठरवून वर मत विचारायला येणाऱ्याचा मात्र येतो, आणि तो माझ्या चेहऱ्यावर दिसतो असं माझा मुलगा म्हणतो. दिसू दे.

आमची इमारत बर्मिंगहॅममध्ये आहे, हाउसिंग असोसिएशनच्या, म्हणजे कमी भाड्याने घरं देणाऱ्या संस्थेच्या मालकीची. मी चौथ्या मजल्यावर राहते. लग्न होऊन नागपूरहून आले ती याच फ्लॅटमध्ये, आणि नवरा गेला तोही इथूनच. हॉस्पिटलच्या किचनमध्ये मी अर्धवेळ काम करते. बेनिफिट, म्हणजे सरकारी मदत, मिळावा इतका माझा पगार कमी नाही आणि भाडं वाढलं तर पुरावा इतका जास्तही नाही. त्यामुळे मागे एका हिवाळ्यात भाडेवाढीचं पत्र आलं, आणि मी ते फोनवर मुलाला वाचून दाखवलं, तेव्हा मँचेस्टरहून त्याचं उत्तर तयारच होतं.

"आई, तू कशाला टेन्शन घेते? इकडे ये ना. तुझा रूम रेडी आहे."

मुलगा गुणाचा आहे, सूनही चांगली आहे. खोलीला खिडकी आहे, खिडकीतून ट्राम दिसते. पण तिथे मी पाहुणी असते. चहाला उठले की सून धावत येते, "अहो आई, तुम्ही बसा", आणि मी बसते. एखाद्या आठवड्यापुरतं बसणं ठीक आहे, जन्मभर कोण बसेल? मला माझं दार हवं, माझा गॅस हवा आणि भांडी मला वाटेल तेव्हा घासायची मुभा हवी. भाडं फार वाढलं तर हे सगळं सोडून मँचेस्टर गाठावं लागणार होतं. नुसत्या विचारानेच माझा जीव घाबरा व्हायचा.

पत्रात पुढे असं होतं की शनिवारी दुपारी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये या, आम्हाला तुमचं म्हणणं ऐकायचं आहे. मी ते सभेचं बोलावणं समजले. चूक झाली खरी, पण त्यात माझा काही दोष नाही. नागपूरला आमच्या वस्तीत मी वाढले ती विहाराच्या सतरंजीवर. तिथे चार बायका जमल्या तरी आधी अध्यक्ष ठरायचा. मग कोणीतरी सूचना मांडायची, कोणीतरी अनुमोदन द्यायचं, ठराव वाचायचा, हात वर करायचे. महिला मंडळाची सहल कुठे न्यायची, याचासुद्धा ठराव व्हायचा आणि त्यावरून दोन तट पडायचे. माझी आई सही करायला उशिरा शिकली, पण अनुमोदन द्यायला तिने कधी उशीर केला नाही. सभा म्हणजे काय, ते माझ्या अंगातच आहे.

तर शनिवारी मी आत थर्मल घालून, वर पांढरी साडी नेसून, त्यावर कोट चढवून वेळेआधी खाली गेले. हॉलमध्ये पाहते तर खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या. टेबलावर बिस्किटं. असोसिएशनची एक ऑफिसर बाई आणि तिचा सहकारी आल्यागेल्याला एकेकटं गाठून हसून बोलत होते. मधे एक पांढरा बोर्ड होता, त्यावर दोन रकाने. पहिल्यात वाढ थोडी कमी, पण केअरटेकर आतासारखा रोज येणार नाही. दुसऱ्यात वाढ जास्त, पण दुरुस्त्या लवकर होतील. प्रत्येकाच्या हातात एक हिरवा स्टिकर देत होते, कपाळावर लावायच्या टिकलीएवढा. तो आवडत्या रकान्यात चिकटवायचा, बिस्किट खायचं आणि घरी जायचं.

मी विचारलं, वाढ नको असेल तर कुठे लावायचा? बाई गोड हसली. म्हणाली, हे कन्सल्टेशन, मत अजमावणं, या दोन पर्यायांपुरतंच आहे, तुम्हाला त्यातला कुठला बरा वाटतो ते सांगा.

मला बरंच काही वाटत होतं, पण मी ते गिळलं आणि खुर्च्या ओढायला लागले. सभेआधी खुर्च्या मांडाव्या लागतात, कोणी मांडल्या नसतील तर आपण मांडायच्या, एवढंच डोक्यात होतं. ऑफिसर बाईने दोनदा सांगितलं की हा ड्रॉप-इन आहे, येता जाता मत देऊन जायचं, बसायची गरज नाही. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. ते खोटं नव्हतं. ओळी लागल्या तशी माणसं बसायला लागली, कारण मांडलेली खुर्ची दिसली की माणूस बसतोच. बघता बघता एकेकटी उभी असलेली सगळी मंडळी एका बाजूला तोंड करून बसली आणि ते दोघे समोर उभे राहिले.

मग मी उठले. इंग्रजी माझं किचनपुरतं चालतं, पण ही वाक्यं मी लहानपणापासून ऐकलेली, भाषा बदलली म्हणून काय झालं. मी म्हटलं की या सभेचं अध्यक्षपद तिसऱ्या मजल्यावरच्या अंकलनी स्वीकारावं, अशी मी सूचना मांडते.

सगळ्यांच्या माना अंकलकडे वळल्या. अंकल मूळचे जमैकाचे, जन्मभर या शहरात बस चालवलेले. लिफ्टमध्ये भेटलो की आम्ही थंडीबद्दल बोलायचो, त्यापलीकडे ओळख नाही. ऑफिसर बाई खाली बघून हसत होती. वाटलं, घेतलंस ना हसं करून, आता गुपचूप स्टिकर चिकटव आणि वर जा.

तेवढ्यात अंकल काठी टेकून उठले. म्हणाले, "माझ्या नावाला मीच अनुमोदन देऊ शकत नाही. युनियनमध्ये कोणी होतं की नाही इथे? कोणीतरी हात वर करा."

कडेवर बाळ असलेल्या, तळमजल्यावरच्या पोरीने हात वर केला. अंकल पुढे आले, ऑफिसर बाईला त्यांनी अदबीने खुर्ची दिली आणि तिच्या शेजारी स्वतः बसले. त्यानंतर ड्रॉप-इन वगैरे काही उरलं नाही. ज्याला बोलायचं त्याने हात वर करायचा आणि अंकल परवानगी देणार. ओल आलेल्या भिंतींवर बोलणं झालं, बंद पडणाऱ्या बॉयलरवर झालं. बाळाची आई म्हणाली की गेल्या वाढीलाही दुरुस्त्यांचंच कारण सांगितलं होतं. ऑफिसर बाई उत्तरं देत होती, पण आता सगळ्यांदेखत द्यावी लागत होती. एकेकट्याला कानात सांगितलेलं आणि सभेत उभं राहून सांगितलेलं यात फार फरक पडतो.

शेवटी मी ठराव मांडला. वाढ नको असं म्हणण्याची सोय बोर्डावर असलीच पाहिजे, आणि या सभेला वाढ मान्य नाही. हात वर झाले. दूर दाराशी उभे होते त्यांचेसुद्धा.

बाई म्हणाली, तुमच्या भावना मी समजू शकते, पण ही अधिकृत मीटिंग नाही, मला हे नोंदवता येणार नाही. मी नोंदवू शकते फक्त बोर्ड.

"मग बोर्डच नोंदवा," अंकल म्हणाले.

मी उठले, मार्कर घेतला, दोन रकान्यांशेजारी जागा होती तिथे आणखी एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, NO. माझा स्टिकर त्याच्याखाली लावला. मागे रांग लागली. ज्यांनी आधी पहिल्या दुसऱ्या रकान्यात लावले होते ते नखाने खरवडून काढून इकडे लावत होते. बाळाच्या आईने आपला लावला आणि बाळाच्या मुठीत धरून आणखी एक लावला, त्यावर कोणी हरकत घेतली नाही. ऑफिसर बाईने बोर्डाचा फोटो काढला. काढावाच लागला. मला तिची दया आली, पण मार्कर मी परत केला नाही.

वाढ झालीच. कमीवाली झाली, केअरटेकरचे दिवसही कमी केले नाहीत, आणि पत्रात लिहून आलं की भाडेकरूंच्या तीव्र भावनांचा विचार करण्यात आला आहे. जिंकलो असं मी म्हणणार नाही. ती कमीवाली वाढही मला जडच होती. त्या वर्षी मी नागपूरला गेले नाही. बहिणीच्या नातीचं लग्न फोनवर पाहिलं आणि फोन बंद करून रडले.

मुलाला कळलं तेव्हा त्याने परत तेच काढलं. "आई, आता तरी ये. रूम एम्प्टीच आहे."

मी म्हटलं, "मग भाडेकरू ठेव त्या खोलीत. आणि भाडं वाढवायचं झालं तर त्याला आधी विचार. नाही म्हणाला तर ऐकून घे."