गिळल्यावर उरते ती पोर्ट

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंदमाताजवळच्या वाईन शॉपमध्ये त्यालाच हरवायच्या तयारीत होतो. दोन्ही हातांत रूबी पोर्ट या गोड लाल वाईनची एकेक स्वस्तातली बाटली, चष्मा कपाळावर. रविवारी त्याच्याकडे जायचं होतं. त्याची बायको शुभदावहिनी एवढंच म्हणाली, "भावोजी, हे गेले..." मी बाटल्या जागेवर ठेवल्या. खरं सांगतो, रडू यायच्या आधी मनात आलं, आता माझी बाटली पास कोण करणार?

दिगू लालबागच्या चाळीतला माझा शेजारी. त्याचे वडील शिवडीला गोदीत होते. पोर्ट वाईन म्हणजे पोर्टात मिळणारी वाईन, ती त्यांच्या घरी फुकट येत असणार आणि म्हणूनच ह्याची जीभ तयार झाली, अशी माझी कितीतरी वर्षं पक्की समजूत होती. शेवटी एकदा त्याला ते बोलून दाखवलं, तर हसून हसून त्याला ठसका लागला. "अरे अंत्या, गोदीत काय नळाला वाईन येते? बाबा चहासुद्धा घरून न्यायचे!" मी ओशाळलो, पण त्याहून जास्त चिडलो. त्याच्या जिभेवर खार खायला माझ्याकडे ती एक सबब होती, तीही गेली.

त्याची पद्धत साधी होती. महागडी बाटली तो हातात धरायचा नाही. "महाग चांगली असली तर त्यात दुकानदाराचं कौतुक. स्वस्तात चांगली शोधून दाखव." ग्लास स्वतःच्या पांढऱ्या बनियनसमोर धरून रंग बघायचा. एक थेंब बोटांत चोळायचा. बोटं चिकटली की नाक मुरडायचा. मग छोटा घोट, आणि गप्प. "गोड सगळ्याच लागतात रे. गिळल्यावर काय उरतं ते बघ." नुसती साखर उरली तर सरबत. घसा खरवडला तर खोकल्याचं औषध. आणि द्राक्षाची तुरट चव मागे रेंगाळली, तर डोळे मिटून एकच शब्द म्हणायचा, "उरते."

हा शब्द माझ्या वाट्याला कधी आला नाही. दादर, परळ, गिरगाव, सगळी दुकानं पालथी घालून मी बाटल्या नेल्या. प्रत्येक वेळी मालवणीत तोच निकाल, "ह्यां सरबत आसा रे." माझी बायको नीला तर दिगूने मान हलवल्याशिवाय ग्लास ओठांना लावायची नाही. बायको माझी, बाटली माझी, आणि भरवसा त्याच्यावर! त्याची सून मृणाल अँटॉप हिलची, कधी थेंब न चाखलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात कोपऱ्यावरच्या दुकानातून दिसली ती बाटली उचलून घेऊन आली. दिगूने डोळे मिटले. "उरते." मी टाळ्या वाजवल्या आणि घरी पोचेपर्यंत नीलाशी एक अक्षर बोललो नाही.

माणूस गेल्यावर तरी हेवा सुटावा... नाही सुटला. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगत होता, माझ्या साठीला बाटली दिगूने निवडली, माझ्या मुलीच्या साखरपुड्याला दिगूने निवडली. मी कोपऱ्यात बसून जळत होतो. एवढे सगळे त्याचे, मग माझा किती?

परवा वहिनीने मला आणि नीलाला बोलावलं. कपाटात कोकमाच्या आगळाशेजारी त्याने आणून ठेवलेली शेवटची बाटली होती. मृणालने त्याच्याच ग्लासात ओतून तो माझ्या हातात दिला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. उभ्या जन्मात पहिल्यांदाच निकाल मी द्यायचा होता. मी ग्लास सदऱ्यासमोर धरला, घोट घेतला. गोडी ओसरली, आणि तुरट चव जिभेवरून हलेचना.

"सरबत आहे," मी म्हणालो.

मी खिडकीबाहेर बघत ग्लास पुन्हा पुढे केला.

वहिनीला हसू फुटलं. पदराने डोळे पुसत ती ओतू लागली. "ह्यांचंही अगदी अस्संच. तुमच्या बाटलीला सरबत म्हणायचे, आणि वर ग्लास पुढे करायचे. दुसऱ्या कुणाच्या बाटलीला कधी दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला नाही. तुम्हाला दिसलंच नाही, भावोजी. तुम्ही रागाने खिडकीबाहेर बघत असायचात."