अंड्यांवरचा पहारा

आमच्या घरात अकरा पिल्लं अंड्यातच मेली आणि चौकशी अधिकारी म्हणून माझी नेमणूक मीच केली.

माझे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. म्हणजे पहारा आमच्या रक्तात! (रक्तात आता साखरही आहे, पण ते असो.) आमची मुक्ता, वय वर्षं अकरा. तिने तरसालीच्या आमच्या घरी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून गावठी कोंबडीची अंडी उबवायला ठेवली. एकविसाव्या दिवशी टरफलांना टोचे पडले, चिवचिव ऐकू आली आणि मग सगळं शांत. आत पूर्ण वाढलेली पिल्लं! मुक्ता दोन दिवस धड जेवली नाही. मलाही फार वाईट वाटलं.

"बाबा, आता एकदाच," ती म्हणाली. "ही पण मेली तर परत कध्धी नाही ठेवणार."

दुसरी बारा अंडी आली आणि मी तपास हाती घेतला. बल्ब फार तापतो का? अंडी शिळी होती का? बायकोवर संशय घेतला, तर तिने आमटीचा डाव उगारला. मग शेजारच्या हंसाबेनना गाठलं.

"गेल्या वेळी तमे झाकण उघडलं होतं?" (माझं गुजराती हे असं!)

"अरे भाई, तमे ज तो बोलावीने बताव्युं!"

तेही खरंच होतं. घरी आलेल्याला चहाआधी अंडी दाखवायची, असा माझा शिरस्ताच पडला होता.

मग खोक्यापाशी वही ठेवली. झाकण उचलणाऱ्याने नाव आणि कारण लिहायचं. शिवाय दर अर्ध्या तासाला माझी गस्त. झाकण वर, मोजणी, "बारा हजर!", झाकण खाली.

विसाव्या दिवशी सकाळी एका अंड्याला टोचा पडला. आम्ही ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

"शेवटचे तीन दिवस झाकण बंद आहे ना?" त्यांनी विचारलं.

"एकदम बंद! दर अर्ध्या तासाने उघडून बघतो ना मी, बंद आहे का ते!"

डॉक्टर मटकन खाली बसले. "अहो, उघडलं की वाफ निघून जाते. अंड्यातला पापुद्रा सुकतो आणि पिल्लाला आवळून धरतो. बिचारं बाहेर येणार कसं?"

मुक्ताने वही उघडली. आई, एकदा. हंसाबेन, दोनदा (कारण: 'भाईंनी दाखवलं'). बाकी सगळी पानं माझ्याच नावाची, कारण 'सुरक्षा'. तिने वही माझ्या हातात दिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोमट पाण्याची वाटी आत गेली, झाकणाला चिकटपट्टी लागली आणि माझी खोलीबाहेर रवानगी झाली. दोन दिवस मी दाराला कान लावून बसलो.

"किती झाली गं?"

"बाबा, गप्प!"

सात निघाली! सुकून, फुलून कापसासारखी झाल्यावर मला आत प्रवेश मिळाला. मी नुसता वाकलो, तर सातही जण धडपडत पलीकडच्या कोपऱ्यात.

"घाबरली का गं मला?"

"मग काय!" मुक्ता म्हणाली. "जन्माला यायच्या आधीच शंभर वेळा बघितलंय त्यांनी तुम्हाला!"