चिंगीचा उजवा डोळा

जनावरांच्या दवाखान्यात मी वीस वर्षं कंपाउंडर होतो. कुत्र्यांच्या मालकांना तेच तेच सांगून जीभ झिजली. एकदाच कंटाळा केला, तो आकारामदादांच्या वेळी.

दादा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत तीस वर्षं लोखंड ओतायचे साचे करणारे मोल्डर होते. साचा निवल्याशिवाय फोडायचा नाही, घाई केली की कास्टिंगला तडा जातो, हे ते मयतीला गेले तरी सांगत. बायको, तानाबाई, गेल्यावर घरात दादा आणि तिची लाडकी पामेरियन चिंगी, एवढीच दोघं उरली.

२००२ साली चिंगीच्या दोन्ही डोळ्यांवर साय धरल्यासारखं दिसायला लागलं. मी म्हणालो, "दादा, मोतीबिंदू हाय. पुण्याचे डॉक्टर महिन्याला येत्यात, दाखवूया."

"पिकू दे की! आमच्या आईचा शिबिरात पिकल्यावरच काढलता. कच्च्याला हात लावला की वाटोळं."

जेवायची सुट्टी झाली होती. मी वाद घातला नाही. त्याची चुटपुट अजून जात नाही.

दीड वर्ष दादांनी वाट पाहिली. चिंगी उंबऱ्याला धडकायची, पाण्याच्या भांड्यात पाय घालायची. शेवटी डोळे लालभडक झाले, तेव्हा टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. "पिकला बघा आता," म्हणाले. चेहऱ्यावर समाधान होतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं. उजव्या डोळ्यातला आतला पडदा सुटला होता, तिथं ऑपरेशनचा उपयोग नव्हता. "कुत्र्याचा मोतीबिंदू पिकू द्यायचा नसतो. आत सूज येते, डोळाच जातो. डाव्याचा प्रयत्न करतो, पण दिसेलच असं नाही."



डाव्याचं ऑपरेशन झालं. मी नेहमीचं सांगितलं: डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं, दिवसातून सहा वेळा थेंब, उड्या बंद, भुंकणं बंद. पुष्कळ मालक आठवड्यात कंटाळतात. दादा सहा आठवडे तिच्याशेजारी फरशीवर निजले.

नरसाळं निघालं त्या दिवशी चिंगी न धडकता दारापर्यंत गेली. मला हायसं वाटलं, दादांना फारसं नाही.

नंतर रोज ते तिला फिरवताना दिसत, नेहमी तिच्या उजव्या बाजूनं. एकदा मी म्हणालो, "दादा, डावीकडनं चाला की. तिकडनं तिला तुम्ही दिसशिला तरी."

"न्हाय," ते म्हणाले. "ह्यो डोळा म्या घालवला. ह्या बाजूला मीच पायजे."