डाव्या चाकाची पिन

सुपातले तांदूळ निम्मे निवडून झाले होते, तेवढ्यात अंगणातून रुद्राप्पांची हाक आली.

"शांते, पिना घिऊन ये गं."

शांतव्वाने सूप उंबऱ्याशी ठेवलं. गाडीच्या पुढच्या चाकांच्या नव्या पिना देव्हाऱ्यापुढं होत्या. नवी वस्तू महादेवाला दाखवल्याशिवाय वापरायची नाही, ही तिची रीत. डाव्या आणि उजव्या चाकाच्या पिनांचे आटे उलट दिशेचे असतात, म्हणून दुकानदाराला विचारून तिनंच डावीला कुंकवाची दोन बोटं लावली होती, उजवीला एक.

रुद्राप्पांनी अठरा वर्षं अंगणातली ही एकच अँबॅसिडर टॅक्सी चालवली. जोतिबा, वाडी, जयसिंगपूर. कुणाची लग्नं, कुणाची बाळंतपणं त्यांनी वेळेवर पोचवली. मग मधुमेहानं नजर अधू झाली. गेल्या महिन्यात रंकाळ्यापाशी सायकलवरचा दूधवाला गाडीखाली येता येता वाचला. "गाडीच डावीकडं वढती. पुढचं समदं झिजलंय," एवढंच ते घरी येऊन म्हणाले. डोळ्यांचं नाव काढलं नाही. टॅक्सी स्टँडवरच्या दिलदार नावाच्या तरुण ड्रायव्हरने गाडी चालवायला मागितली, तर "मी मेलोय व्हय?" म्हणून त्याला वाटेला लावलं. आणि दोन दिवस झाले, गाडी जॅकवर चढवून स्वतःच पुढच्या चाकांचे झिजलेले बुश नि पिना बदलत बसले होते.

"सोमवारी तुला रामलिंगाला नेतो," पोत्यावर बसल्या बसल्या ते म्हणाले. "म्होरच्या शिटावर बसायचं. बायको हायस, पाशिंजर न्हाईस."

"आधी चाक तर बसवा."

तिनं आणलेल्यांतली एक पिन त्यांनी उचलली. आट्यांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "ही डावी. डोळं गेलं तरी बोटं हायत की."

पिनेवर कुंकवाचं एकच बोट होतं.

शांतव्वाने तोंड उघडलं. तो दूधवाला तिच्या डोळ्यांपुढं आला, सांडलेल्या दुधात बसलेला. तिनं मनात महादेवाचं नाव घेतलं आणि ओठ मिटले.

डाव्या चाकाला आटा धरेना. रुद्राप्पांनी पाना लावून जोर केला. करकर आवाज झाला आणि लोखंडाचा चुरा त्यांच्या मांडीवर पडला. त्यांचे हात थांबले. अठरा वर्षांत त्यांच्या हातून आटा गेला नव्हता.

बराच वेळ ते बोटांची टोकं अंगठ्यावर घासत राहिले.

"न्हाय कळत," ते म्हणाले. "बोटास्नी बी न्हाय कळत." मग, "तुला दिसलं न्हाय व्हय?"

खोटं बोलणं तिला जमलं नाही. "दिसलं."

"मग?"

"बोलले असते, तर सोमवारी गाडी काढली असती तुमी."

त्यांनी मान खाली घातली. ग्रीसनं माखलेला हात बॉनेटकडं नेला आणि मधेच मागं घेतला. शांतव्वाला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उजवी पिन दुसरी आणाय लागंल," अखेर ते म्हणाले. "ती दिलदारलाच आणू दे. बसवू दे त्यालाच. म्हणावं, गाडी तुझीच."

रडण्यात तिनं वेळ घालवला नाही. पायात चपला सरकवल्या आणि दिलदारला बोलवायला ती स्टँडकडं निघाली.